पुढची गोळी

रुग्णांना गोळीची आठवण करून देणारी यंत्रणा जागृतीनं रचली होती, पण तिचे टायमर ठरल्या वेळी काही केल्या चालत नव्हते. आज दुपारी, सिंदी मेघे गावातल्या घरात, तिनं चाचणीसाठी सीताबाई नावाची रुग्ण मनानंच रचली, एक नियम बदलला आणि श्वास रोखून बसली.

संगणकाच्या पडद्यावर अक्षरं उमटली: 'सीताबाई, गोळी घ्या.'

"चालला! प्रफुल्ल, टायमर चालला!" ती टाळ्या पिटत खुर्चीतून उडालीच.

तिचा नवरा रिकामा पेला घेऊन व्हरांड्यातून आत आला. "काऊन ओरडून राह्यली? त्या बाईले पाणी देत होतो."

"कोणत्या बाईले?"

"सीताबाई म्हणे. गोळी घ्याले पाणी मागत होत्या. तुह्यावर लय खुश हायेत. विचारून राह्यल्या, पुढची कधी?"