त्याच्या तारेवरची गल्ली

पहारीचा पहिला घाव गच्चीवरच्या सोलर पॅनेलवर बसला तेव्हा मशीनताईच्या हातात पाना तसाच होता. शेवटचा नट आवळून पाच मिनिटंही झाली नव्हती.

"उतर खाली," जनरेटरवाला म्हणाला. "नाहीतर पुढचा तुझ्या डोक्यात."

ती उतरली नाही. सरकारी वीज दिवसातून दोन तास यायची, तीही लहर आली तर. एरवी गल्लीतली सगळी घरं याच्या कानठळ्या बसवणाऱ्या जनरेटरच्या तारेवर. तो देईल तेव्हा उजेड, तो तोडेल तेव्हा अंधार. तिची शिलाई मशीन मोटरवर चालायची, म्हणून तिचं नाव मशीनताई. त्या मशीनवर तिचं आणि नणंदेचं पोट. शेवटी तिने एक खोकं मागवलं. पॅनेल, बॅटरी, चार दिवे, लाल वायर लाल भोकात, काळी काळ्यात. नणंदेने शिडी धरली आणि दुपारपर्यंत दोघींनी सगळं बसवलं. "वहिनी, यापेक्षा ब्लाउजची बाही अवघड," असं नणंद म्हणाली होती.

दुसरा घाव पडायच्या आत मशीनताई पॅनेलच्या आडवी झाली. पहार मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज तिला आधी ऐकू आला, कळ नंतर आली. तिने डाव्या हाताने पाना त्याच्या गुडघ्यावर हाणला. तो कळवळला, शिवी हासडली आणि तिच्या पोटात लाथ घातली. नणंद धावत वर आली आणि त्याच्या दंडाला कडकडून चावली. त्याने तिला केसांना धरून भिंतीवर आपटलं. मग सावकाश, एकेक कोपरा मोजल्यासारखं, त्याने पॅनेलचा चुरा केला. बॅटरी उचलून खाली रस्त्यावर फेकली.

खाली सगळी गल्ली उभी होती. कुणी वर आलं नाही.

"इथं दिवा लागेल तो माझ्या तारेवर," तो कठड्यावरून ओरडला. "आणखी कुणाला हौस आहे?"

लोक एकेक करून आपापल्या घरात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनताई प्लास्टर घातलेला हात मांडीवर घेऊन बसली होती. नणंदेच्या कपाळाला चार टाके पडले होते.

"पुरे झालं," मशीनताई म्हणाली. "त्याला निरोप पाठव. तार जोडून दे म्हणावं."

तेवढ्यात दार वाजलं. दारात जनरेटरवाल्याची बायको उभी होती. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा, काखेत पुठ्ठ्याचं खोकं. नणंदेने टेबलावरची कातर उचलली.

"आता काय फोडायचं राहिलंय?"

बायकोने खोकं जमिनीवर ठेवलं. मशीनताईने मागवलं होतं तसंच, तेवढंच, कोरं.

"भावाकडून मागवून घेतलंय. तार घेऊ नका, ताई. हे लावा. आणि शेजारणी विचारतील, त्यांनाही लावायला शिकवा. एकदम दहा घरांवर लागले तर तो किती गच्च्या चढेल?"

मशीनताईने खोकं डाव्या हाताने मागे सारलं. "अहो, तुमचं घर चालतं त्या जनरेटरवर. गल्लीने तार सोडली तर तो बंद पडेल."

"पडू दे."

"तुम्हाला त्यातून काय मिळणार?"

बायकोने चष्मा काढला. एक डोळा सुजून पार मिटला होता. कानापासून हनुवटीपर्यंत बोटांचे वळ, काही जुने, काही रात्रीचे.

"त्याला हात उचलायचा असला की तो आधी जनरेटर चालू करतो," ती म्हणाली. "तो बंद पडला, तर मी ओरडलेलं तुम्हाला ऐकू येईल."