तीन घरची आंबील

शेतातल्या कडब्याच्या कोपीसमोर आंबिलीच्या तीन बिंदग्या, छोट्या घागरी, मांडून ठेवल्या होत्या आणि त्यातली एक उज्वलानं निवडायची होती.

वेळ अमावस्येला शेतात न्यायची आंबील खरं तर घरचीच असते. ताकात ज्वारीचं पीठ कालवायचं, आंबू द्यायचं, चव आपल्या हातची. पण उज्वलाचा नवरा मल्लिनाथ विहिरीवरच्या मोटारीचा करंट लागून गेला, त्याला अजून वर्ष झालं नव्हतं. दुखाच्या घरानं पहिल्या वर्षी सणाचं काही रांधायचं नाही. भावकी आणि सोयरे आणून देतात. यंदा आणून देणाऱ्यांना भारीच उमाळा आला होता.

एक बिंदगी थोरल्या जावेची, शिवगंगाची. दुसरी माहेरची, उज्वलाचा भाऊ गुरुलिंग ती उदगीरहून मोटारसायकलवर सांभाळत घेऊन आला होता. तिसरी शेजारच्या शेतातल्या रत्नम्माची. तिच्या नवऱ्याचा डोळा या बांधावर जुनाच.

ज्याची आंबील शेताला लागेल, शेत पुढं त्यानं बघायचं, असं तोंडानं कुणी बोललं नव्हतं. बोलायची गरजही नव्हती. जेवणाआधी चर शिंपायचा तो शेताच्या धन्यानं. आंबील घेऊन पिकाच्या चारी बाजूंनी शिंपडत, पुकारा करत फिरायचं. गेल्या साली मल्लिनाथ फिरला होता. यंदा थोरल्या दिरानं, रामलिंगनं, सकाळीच चर शिंपायला घोंगडी खांद्यावर टाकलेली. आयत्या बिळावरचा नागोबा दर वेळी फणा काढूनच येतो असं नाही. कधी तो नवा पटका बांधूनही येतो.

रामलिंग भावजयीशी थेट बोलायचा नाही. आईकडं तोंड करून म्हणाला, "आई, इचार तिला. घरची आंबील आसताना भाईरची शेताला कशाला?"

"अक्का, तुझ्या मनाला यील ती घे," गुरुलिंग म्हणाला. मग आवाज उतरवून, "शेत बटईनं लावून दिऊ. तू चल माझ्यासंगं."

रत्नम्मा पुढं वाकली. तिनं आपल्या बिंदगीवरचं झाकण तेवढं काढून बाजूला ठेवलं.

"चव बघ, माय," सासू केवळाबाई म्हणाल्या. "जी नीट आंबली आसंल ती घे."

उज्वलानं वाटी घेतली. जावेच्या आंबिलीत ठेचलेला लसूण दिसत होता. तिनं घोट घेतला. माहेरच्या आंबिलीत शेंगदाण्याचं जाडसर कूट होतं, आई घालायची तसंच. तो घोट घेतल्यावर तरी काही आठवायला हवं होतं. रत्नम्माची पातळ होती, वर जिरं तरंगत होतं. तिन्ही घोट नुसते घशाखाली उतरले. आंबट नाही, खारट नाही, तिखट नाही. मल्लिनाथला उचलून घरी आणला त्या दिवसापासून तिला कशाचीच चव लागत नव्हती. रडूही आलं नव्हतं. बाई खंबीर आहे, असं गाव म्हणायचं. खंबीर कसली, ती बधिर झाली होती.

सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते. पोरं झाकलेल्या मिसळभाजीच्या भज्जीकडं आणि बाजरीच्या उंड्यांकडं बघत होती. उज्वलानं पुन्हा एकेक घोट घेऊन पाहिला. मग बाजूचं रिकामं पातेलं ओढलं, जावेची बिंदगी त्यात उपडी केली, तिच्यावर माहेरची ओतली, तिच्यावर रत्नम्माची.

"ये, काय करायलीस?" रामलिंग पहिल्यांदाच थेट तिच्यावर ओरडला. "समदी नासवलीस की!"

"मला सारख्याच लागल्या, भावजी," ती म्हणाली. "कोणती कुणाची, मला कळंना."

ही तिची युक्ती होती, असं पुढं गावात बरेच दिवस बोललं गेलं. युक्ती सुचायला माणूस आतून जागं असावं लागतं.

"असली भेसळ मी न्हाई शिंपायचा," म्हणून रामलिंगनं घोंगडी अंथरली आणि तिच्यावर फतकल मारली. उज्वला आपली समजूत काढेल, असा त्याचा हिशेब असावा. गुरुलिंग जागचा हलला नाही. शेत त्याचं नव्हतं. उज्वलानं एकेकाकडं पाहिलं. कुणीच उठेना, तेव्हा तिनं पदर डोक्यावर घेतला, लिंबाची डहाळी मोडली आणि पातेलं कमरेवर घेऊन निघाली. या गावात बाईमाणसानं चर शिंपल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

ती हरभऱ्याच्या कडेनं गेली, ज्वारीच्या कडेनं गेली. पुकारा करायचा असतो. तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. डहाळी बुडवायची, झटकायची, पाऊल टाकायचं. विहिरीकडच्या कोपऱ्यावर तिची पावलं अडली. तिथंही तिनं शिंपडलं आणि पुढं गेली.

ती परत आली तेव्हा पंगत बसली होती. शिवगंगानं ताटं वाढली होती. रामलिंगनं भाकरीचा तुकडा मोडून भज्जीत बुडवला होता.

"थांब, रामलिंग," केवळाबाई म्हणाल्या. एक भरलेलं ताट उचलून त्यांनी उज्वलापुढं ठेवलं आणि तिला खांद्याला धरून खाली बसवलं. "चर शिंपणाऱ्यानं आधी घास घ्यायचा आसतोय. जेव, माय. तू जेवल्याबिगर आमाला कुणालाच जेवता यायचं न्हाई."

रामलिंगनं तुकडा पुन्हा ताटात ठेवला.