टामीची थाप

आमचे हे स्वतःच्याच लॉरीवर ड्रायव्हर होते. वर्ध्याहून कापसाच्या गठाणी न्यायचे. निघण्याआधी लोखंडी टामीनं एकेक टायर ठोकायचे. नुसत्या आवाजावरून त्यांना आतली हवा कळायची. बायकोच्या मनातलं मात्र कधी कळलं नाही.

लकव्यानं त्यांची डावी बाजू लुळी पडली, तेव्हा ती लांब नाकाची लॉरी आमच्या तळेगावच्या अंगणात येऊन उभी राहिली. टायर विकले, गाडी विटांवर चढवली. तरी रोज सकाळी चहा उकळायला लागला की बाहेरून आवाज यायचा. ठप, ठप, ठप. टामी रबरावर पडल्याचा. जाऊन पाहावं तर कोणी नाही.

तो ऐकला की हे उठायला धडपडायचे. एकदा तर खाटेवरून पडून कपाळ फोडून घेतलं.

"अजी, गाडीले टायरच नाई, तं जाता कुठी?" मी वैतागायची.

"हवा पाहून राह्यला ना तो. मले बलावते."

"तो म्हणजे कोन?"



शेवटी मी भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं लॉरी कापून तुकडे नेले. मी अंगण सारवून काढलं. म्हटलं, सुटले एकदाची.

दुसऱ्या सकाळी चहा उकळला आणि आवाज घरातूनच आला. मी खाटेकडे धावले.

ठप. यांच्या डाव्या पोटरीवरची चादर दबली. ठप. मांडीवरची. मग छातीवरची.

"हवा बराबर हाये," हे हसून म्हणाले, आणि त्यांनी लुळा पाय जमिनीवर टेकवला.