खालची वाट

त्या सकाळी अण्णा नेहमीसारखे विहिरीवर ओणवे झाले, टेप सोडला आणि पाण्याला म्हणाले, "साडेसात मीटर." जमिनीखालचं पाणी माणसाचा आवाज धरून ठेवतं हे कळल्यापासून पातळी मोजणारे ती वहीत लिहीत नसत, विहिरीतच सांगत. "आणि आमची कुंदा आली आहे. पोळ्या अजून जाडच करते." मागे उभी असलेली त्यांची लेक कुंदा फणकाऱ्याने घरात निघून गेली. संध्याकाळी अण्णांचं हृदय थांबलं.

ते पाणी खाऱ्या सरोवराच्या काठी झऱ्यातून वर यायला अकरा वर्षं लागली. कुंदाने ऐकायची नळी कानाला लावली. साडेसात मीटर. जाड पोळ्या. मग ती आत गेल्यानंतरचं, हळू आवाजातलं वाक्य: "परत कधी जाणार, हे विचारायची हिंमतच होत नाही."

पाणी सरोवरात मिसळलं.

"संपलं? खाऱ्यात आवाज विरतो ना?" कुंदाने विचारलं.

"कोण म्हणालं?" झऱ्यावरच्या इंगळेबाई हसल्या. "खारं पाणी जड असतं, ताई. ते तळातून खाली उतरतं आणि गोड्या पाण्याच्या खालून उलटं तुमच्या विहिरीकडे जातं. तीनशेक वर्षं लागतात, एवढंच."

कुंदा बघत राहिली. इतकं निश्चल दिसणारं हे हिरवं पाणी एकाच वेळी येत होतं आणि परत जात होतं. ती गुडघ्यांवर बसली, तोंड पाण्याजवळ नेलं.

"अण्णा, मी कायमची राहायला आले होते," ती म्हणाली. "बॅगेत सगळे कपडे होते."