तिसरा अर्ज

"थांबा. एवढ्या आकड्यांवर तुम्ही स्वतंत्र प्रयोगशाळा मागताय?" करवत म्हणाला.

पडद्यावर तिचं तीन वर्षांचं काम होतं. तान्ह्या बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या दोन थेंबांवरून जंतुसंसर्ग ओळखायची चाचणी. समोर निवड समितीचे पाच जण. चौघं कागद चाळत होते आणि पाचवा तिला सोलत होता.

करवत हे त्याचं विद्यार्थ्यांनी पाडलेलं नाव. सहा वर्षांपूर्वी एका परिषदेत तिनं भर सभागृहात उठून त्याच्या हिशेबातली चूक दाखवली होती. त्याला छापलेला लेख मागं घ्यावा लागला. तेव्हापासून समोरून आली तरी तो मान फिरवायचा. आज तिला मान फिरवता येत नव्हती.

बाळं किती, कुठल्या दवाखान्यातली, चाचणी चुकली ती कितीदा आणि का, असं त्यानं पंचवीस मिनिटं उभं-आडवं विचारलं. तिनं एकेक उत्तर दिलं. समोरचा पाण्याचा पेला मात्र तिनं हट्टानं उचलला नाही.

"हे डोकं तुमचं, की तुमच्या मॅडमचं?" शेवटी त्यानं विचारलं.

तिची कानशिलं तापली. "माझं. माझ्या वह्यांत तारखा आहेत. मागवून घ्या."

"माझं झालं," म्हणून त्यानं पेनाचं टोपण लावलं.

तरुण संशोधकांसाठीची ही सरकारी योजना. पाच वर्षांचा पगार, स्वतःची खोली, स्वतःचे दोन विद्यार्थी. मुलाखतीनंतर मार्गदर्शकाचं गोपनीय पत्र बघून नाव पक्कं होई. त्या बाबतीत तिला घोर नव्हता. परिषदेतल्या प्रकारानंतर कुणी दारात उभं करत नव्हतं, तेव्हा मार्गदर्शक म्हणून मॅडमनीच तिला पदरात घेतलं होतं. त्यांचे अहवाल ती लिहायची, नवी मुलं ती तयार करायची, बिघडलेली यंत्रं तीच दुरुस्त करून आणायची. "ही नसेल तर माझी लॅब आठवड्यात बंद पडेल," असं मॅडम चारचौघांत कौतुकानं सांगत. आधीचे दोन अर्ज फेटाळले गेले तेव्हा तिच्यापेक्षा त्याच जास्त रडल्या होत्या.

महिन्याभरानं निकाल आला. नापसंत. पुढच्या महिन्यात तिला पस्तिसावं संपून छत्तिसावं लागणार होतं आणि अर्जासाठी वयाची अट पस्तीसपर्यंतच होती. आईनं फोनवर नोकरी पक्की झाली का म्हणून विचारलं, तेव्हा तिनं रेंज नसल्याचं सांगून फोन ठेवला.

"त्या माणसानं डाव साधला," मॅडम तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. तक्रारीच्या फंदात मात्र पडू नकोस, त्यात आपलंच नाव खराब होतं, असंही त्यांनी समजावलं. मॅडमचा शब्द तिनं मोडला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

तीन पानी तक्रार घेऊन ती योजनेच्या कार्यालयात गेली. तिथल्या अधिकाऱ्यानं तिला दोन तास बाकावर बसवलं. मग आत बोलावून, नियमात बसत नाही, मुदत गेली, छापील नमुन्यातच लिहा, असं एकेक सुरू केलं. तिचा संयम सुटला. तुम्ही सगळे एका माळेचे मणी आहात, करवतीच्या खिशात बसून निवड करता, असं तिनं आवाज न चढवता त्याच्या तोंडावर सांगितलं.

अधिकाऱ्याचा चेहरा ताठरला. तो उठला, कपाटातून एक फाइल काढली आणि टेबलावर आपटली.

"कुणाचं नाव घेतलंत? वाचा. मोठ्यानं वाचा."

गुणपत्रक होतं. चौघांचे गुण ऐंशीच्या घरात. करवतीचे सत्त्याण्णव. खाली त्याच्या तिरक्या अक्षरात शेरा होता: 'उलटसुलट तपासली. कुठंही अडली नाही. हिला हे फार आधी मिळायला हवं होतं.'

तिनं ते दोनदा वाचलं.

"समितीनं पहिलं नाव तुमचंच दिलं होतं," अधिकारी म्हणाला. आता त्याच्या आवाजात विजय होता. "आणि तुम्ही इथं येऊन आम्हाला चोर ठरवताय."

"मग नापसंत कुणी केलं?"

"ते दाखवायची मला परवानगी नाही," असं म्हणत त्यानं पुढचं पान उलटलं आणि फाइल तिच्याकडं फिरवली.

वर तिच्याच प्रयोगशाळेचा शिक्का होता, आणि खाली एकच वाक्य: 'मागच्या दोन्ही वेळी कळवल्याप्रमाणे, स्वतंत्रपणे काम करण्याची कुवत या उमेदवाराकडे अद्याप नाही.'