आधीच भरलेले रकाने

"झाले प्रश्न?" प्राध्यापिका बाईंनी विचारलं.

"झाले मॅडम. इथे सही करा." सर्वेक्षणवालीने फॉर्म टेबलावर पुढे सरकवला. वय, शिक्षण, लग्नाला किती वर्षं, घर कुणाच्या नावावर, घरात दारू कोण पितं. दहा मिनिटांत आटोपलं होतं आणि अजून अकरा घरं बाकी होती.

बाईंनी पेनाला हात लावला नाही. "आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींना काल तुम्ही पाऊण तास विचारत होतात. नवरा शिव्या देतो का, मारतो का, कशाने मारतो. मला नाही विचारलंत."

सर्वेक्षणवाली ओशाळली. "तो तिसरा भाग. तुमच्यासारख्या घरांत गरज पडत नाही त्याची."

गरज पडत नाही, हे ठरवलं होतं तिच्या ऑफिसातल्या साहेबांनी. शिकलेली माणसं दुखावतात, वर तक्रारी करतात, तेव्हा तेवढा भाग आपणच भरून टाकावा, असा त्यांचा तोंडी हुकूम. म्हणून अशा बिल्डिंगीत शिरलं की ती आधी जिन्यात बसायची आणि वीसच्या वीस रकान्यांत 'नाही' लिहून मोकळी व्हायची. मग वर्षाअखेरीस जाडजूड अहवाल निघायचा, की मारहाण होते ती गरिबाघरी, अडाण्याघरी, दारुड्याघरी. दुसरं काय निघणार होतं, कपाळ? विचारलंच फक्त तिथे होतं. आणि त्या अहवालावर माना डोलवायला शिकलेले नवरेच पहिल्या रांगेत बसायचे.

बाईंनी पान उलटलं. एकाखाली एक वीस 'नाही', सुबक अक्षरात.

"खोडा हे," त्या म्हणाल्या. "आणि विचारा."

"मॅडम, आम्हाला वरून सांगितलंय..."

"बावीस वर्षं झाली लग्नाला. एवढ्या वर्षांत हे मला कुणीही विचारलेलं नाही. सख्ख्या आईनेसुद्धा नाही. तुम्ही तर त्याचा पगार घेता."

सर्वेक्षणवालीचे कान तापले. तिने खोडायला घेतलं, एकेक प्रश्न वाचत गेली. बाई वर्गात हजेरी द्यावी तशी उत्तरं देत गेल्या. हो. हो. महिन्यातून दोनदा तरी. पट्ट्याने. एकदा कानाचा पडदा फाटला होता. डॉक्टर ह्यांचे मित्र, त्यांनी वर न बघताच लिहिलं, बाथरूममध्ये घसरून पडल्या.

सहा प्रश्न झाले आणि दाराला किल्ली लागली. नवरा आत आला. इंजिनिअर, हसतमुख, हातात भाजीची पिशवी.

"सर्वेक्षण का? बसा, बसा. चहा दिलास का गं यांना?" तो समोरच्या खुर्चीत टेकला. "विचारा काय हवं ते. आमच्याकडे झाकण्यासारखं काही नाही."

घरातलं कुणी आलं की ताबडतोब पान बदलायचं आणि पाण्याचं विचारायचं, असा नियम होता. सगळ्या नियमांत तेवढा एकच बायकांच्या जिवासाठी केलेला. सर्वेक्षणवालीने पान बदललं. "नळाला पाणी किती वेळ येतं?"

बाईंनी हात पुढे केला आणि पान पुन्हा मागे आणलं.

"सातवा राहिलाय," त्या म्हणाल्या. "मोठ्याने वाचा."

सर्वेक्षणवालीने नवऱ्याकडे पाहिलं. मग बाईंकडे. आणि तिने वाचलं.

"हे सगळं करणारा माणूस तुमचा कोण लागतो?"

"कोण माणूस?" नवरा अजून हसतच होता. "काय चाललंय काय?"

बाईंनी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"लिहा," त्या सर्वेक्षणवालीला म्हणाल्या. "नवरा. आणि आत्ता समोर बसलाय, तेही लिहा."