वॉलमन

माळावरचं पेटलेलं गवत वाऱ्यासरशी नेरच्या वस्तीत शिरलं आणि बघता बघता माजी नगरसेवक पुंडलिकरावांच्या घराला भिडलं. आत त्यांची लकवा मारलेली आई होती. आगीच्या बंबातलं पाणी संपलं होतं, नळाला आज पाण्याची पाळी नव्हती. तेवढ्यात पाणी सोडणारा वॉलमन लखीराम वॉलची लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून धावत आला.

"आपलं पाणी दुसऱ्या वार्डाले पाजते हा साला!" पुंडलिकराव गरजले. "यानंच जाळलं आपल्याले!"

"दादा, मले पयले वॉल खोलू द्या. टाकी भरली हाये," लखीराम हात जोडून म्हणाला.

"आता कायले आला बे?" म्हणत पुंडलिकरावांनी तीच चावी हिसकली अन् त्याच्या डोक्यात घातली. मग सगळी गल्ली तुटून पडली. देवा नारायणा, माणसं होती की कोण! लखीराम रस्त्यात कोसळला, कानातून रक्त वाहू लागलं.

चावी घेऊन पुंडलिकराव चौकात धावले. तिथं एकाला एक लागून वॉलची बारा झाकणं होती. ते तसेच माघारी पळाले, लखीरामचं डोकं मांडीवर घेतलं अन् त्याला गदागदा हलवू लागले.

 

"लखीरामभाऊ, डोये उघड रे बाप्पा! आपल्या गल्लीचा वॉल कोणता?"